टाकीत गॅस होता, तरी घर गार पडलं

३० जानेवारी २०१९, बुधवार, पहाटेचे ३:४०. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातलं, मिनिआपोलिस शहराच्या उत्तरेला तासाभरावर असलेलं आमचं घर. मला जाग आली ती थंडीने नव्हे, आवाजाने. खाली बेसमेंटमध्ये फर्नेस, म्हणजे घर तापवणारी गॅसची भट्टी, सुरू व्हायचा प्रयत्न करत होती. छोटा पंखा घुमायचा, थांबायचा, थोड्या वेळाने परत घुमायचा. थर्मोस्टॅटवर ५८ अंश फॅरेनहाइट दिसत होतं, म्हणजे साधारण १४ सेल्सिअस. झोपताना ६८ होतं. मिनिआपोलिसला त्या पहाटे उणे २८ फॅरेनहाइटची (उणे ३३ सेल्सिअस) नोंद झाली. आमच्या अंगणातल्या थर्मामीटरचा काटा त्याहून थोडा खालीच होता. घरात मी, बायको, तीन आठवड्यांची लेक आणि बाळंतपणासाठी साताऱ्याहून आलेली आई.

त्या दिवशी मिनेसोटात टपाल खात्यानेही वाटप बंद ठेवलं होतं. थंडी नेहमीची नव्हती, हे सांगायला तेवढं पुरे.

घरातली व्यवस्था

आमच्या रस्त्यावर नैसर्गिक वायूची पाइपलाइन नाही. अंगणात प्रोपेन गॅसची ५०० गॅलनची (सुमारे १९०० लिटर) आडवी पांढरी टाकी आहे, ती ट्रक येऊन भरून जातो. भरतात ८० टक्क्यांपर्यंतच, कारण उन्हाळ्यात आतला द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. टाकीवरच्या झाकणाखाली पहिला रेग्युलेटर आहे, तो दाब १० पीएसआयवर (दर चौरस इंचावर १० पौंड) आणतो. तिथून जमिनीखालून नळी घरापर्यंत येते. भिंतीवरचा दुसरा रेग्युलेटर दाब आणखी उतरवून ११ इंच पाण्याच्या स्तंभाइतका करतो, म्हणजे जेमतेम ०.४ पीएसआय. पुढे तीन फाटे: फर्नेस (तासाला १ लाख बीटीयू; बीटीयू हे उष्णता मोजायचं एकक), पाणी तापवायची टाकी (४० हजार) आणि स्वयंपाकघरातला गॅस. गॅलनभर प्रोपेनमध्ये सुमारे ९१,५०० बीटीयू असतात. म्हणजे फर्नेस अखंड चालली तर तासाला गॅलनपेक्षा थोडं जास्त खाते.

मंगळवारी संध्याकाळी टाकीचा काटा २२ टक्क्यांवर होता. मी सोमवारीच फोन केला होता, पण सगळ्यांनीच फोन केले होते, त्यामुळे ट्रक गुरुवारी मिळणार होता. २२ टक्के म्हणजे ११० गॅलन, चार दिवस सहज निघतील, असं मी बायकोला ठामपणे सांगितलं होतं. सातारच्या घरी सिलिंडर हलवून अंदाज घ्यायची सवय लागलेल्या माणसाला काट्यावर आकडा दिसला की फार भरवसा वाटतो.

पहिला बिघाड

ब्रेकर ठीक, थर्मोस्टॅट ठीक, फिल्टर तीन आठवड्यांपूर्वी बदललेला. फर्नेसच्या दारातल्या छोट्या काचेतून सर्किट बोर्डचा लाल दिवा दिसतो. तो तीनदा लुकलुकून थांबत होता. आमच्या यंत्रात तीनदा म्हणजे प्रेशर स्विच लागत नाही.

हे थोडं समजावून सांगायला हवं. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की आधी जळालेला वायू बाहेर ढकलणारा छोटा पंखा सुरू होतो. हवेचा मार्ग मोकळा असेल तर त्या ओढीने प्रेशर स्विच लागतो. मग इग्नायटर तापून नारिंगी होतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, बर्नर पेटतात, ज्योत आहे याची खातरी फ्लेम सेन्सर देतो आणि शेवटी मोठा पंखा गरम हवा खोल्यांत सोडतो. वाटेत एक जरी होकार आला नाही तरी सगळं थांबतं. काही प्रयत्न फसले की फर्नेस स्वतःलाच कुलूप लावून घेते आणि तासाभराने पुन्हा प्रयत्न करते. मध्येच वीज बंद-चालू केली की ते कुलूप सुटतं.

मार्ग कुठे अडला ते बघायला बाहेर जावं लागणार होतं. दोन पँट, दोन जॅकेट, कान-नाक झाकून निघालो. पहिल्याच श्वासाला नाकातले केस ताठ झाले. घराच्या भिंतीतून दोन पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या बाहेर येतात, एक हवा आत घेणारी, एक धूर सोडणारी. आमची फर्नेस ९५ टक्के कार्यक्षम आहे, म्हणजे धुरातली उष्णता ती इतकी काढून घेते की बाहेर पडते ती कोमट वाफ. ती वाफ शेजारच्या नळीत ओढली जात होती आणि तिथेच गोठत होती. हवा घेणाऱ्या नळीच्या तोंडाला आतून खरवडलेल्या नारळासारखा भुसभुशीत बर्फ साचला होता. मधे रुपयाएवढं भोक उरलं होतं. लाकडी उलथन्याने तो खरवडून काढला. आत येऊन ब्रेकर पाडून चढवला आणि ४:२५ ला फर्नेस पेटली.

आई एव्हाना उठली होती. "चहा टाकू का रे?" म्हणत तिने गॅस लावला. निळी, ताठ, स्वच्छ ज्योत. मी ती बघून मनातल्या मनात एक प्रकरण बंद केलं: गॅस येतोय, टाकीचा काही प्रश्न नाही, होता तो बर्फाचा होता आणि तो निघाला.

पुढचे दोन तास वाया गेले ते या एका निष्कर्षामुळे. स्वयंपाकाचा एक बर्नर तासाला ९-१० हजार बीटीयू घेतो, फर्नेस त्याच्या दसपट. नळाला धार आहे एवढ्यावरून आगीचा बंब भरेल असं कोणी म्हणत नाही, पण पहाटे साडेचारला मी म्हटलं.

दुसरा बिघाड

५:१० ला फर्नेस पुन्हा बंद पडली. या वेळी दिवा वेगळ्या हिशोबाने लुकलुकत होता: ज्योत लागते, पण टिकत नाही. मी दार काढून खाली बसून बघितलं. इग्नायटर नारिंगी झाला, व्हॉल्व्ह खट् करून उघडला, बर्नर एकेक करून पेटले. पण आवाज नेहमीचा नव्हता. एरवी तिथे स्टोव्हसारखा घोंघाव असतो. आता ज्योती मऊ होत्या, लोळत होत्या आणि वीसेक सेकंदांत गपकन विझल्या. तीन वेळा असंच.

ज्योत टिकत नाही म्हटल्यावर ज्याने कधी फर्नेस उघडली आहे तो माणूस फ्लेम सेन्सरकडे जातो. तो एक स्क्रू काढला की हातात येतो आणि त्याच्यावर साचलेला थर घासला की बहुतेक वेळा काम होतं. दोन वर्षांपूर्वी माझं झालंही होतं. म्हणून मी तो काढला, बारीक स्टील वूलने घासला, लावला. फरक नाही. परत काढला, परत घासला. सेन्सर आरशासारखा झाला आणि घर ५४ अंशांवर आलं. ज्योतच लोळतेय हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. ज्योत मोजणारा सेन्सर तिला लोळवू शकत नाही. तरी मी पाऊण तास तिथेच घासत बसलो, कारण तेवढंच मला येत होतं.

दरम्यान वर आईचे उपाय सुरू होते. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवू म्हणाली. बार्बेक्यूचा कोळसा गॅरेजमध्ये आहे हे तिला माहीत होतं. तिच्या दृष्टीने यात गैर काहीच नव्हतं. बाळाला शेक-धुरी देताना खोलीत शेगडी असतेच, मी स्वतः त्याच शेगडीवर वाढलो. पण कौलांतून आणि खिडकीच्या फटींतून वारा खेळणारं घर वेगळं आणि फट म्हणून न ठेवलेलं हे घर वेगळं. इथे कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू खोलीतच राहतो, त्याला ना वास ना रंग. ओव्हन उघडा टाकून ठेवण्यालाही मी याच कारणासाठी नाही म्हटलं. मग ती म्हणाली, "निदान त्या टाकीवर गरम पाण्याच्या दोन बादल्या तरी ओत." कोल्हापूर-साताऱ्याकडे हॉटेलात सिलिंडरला घाम आला की तो पाण्याच्या टबात ठेवतात, ते तिने बघितलेलं. इथे ते पाणी दोन मिनिटांत बर्फ झालं असतं आणि रेग्युलेटरच्या श्वासाचं भोक त्याखाली बुजलं असतं. भोक बुजलं की दाब कमीही होऊ शकतो आणि धोकादायकरीत्या जास्तही.

तिने मग आपल्या परीने गरम पाण्याच्या रबरी पिशव्या भरायला घेतल्या. नळ सोडला, पाणी तापवायची टाकी खाली धडाडून सुरू झाली. शेजारी गॅसवर दूध तापत होतं. आणि तिथून तिने मला हाक मारली:

"अरे, तुझं ते खाली खट् वाजलं ना, की इथला गॅस बारीक होतो."

मी वर गेलो. बायकोला म्हटलं, तू खाली जाऊन फर्नेसची वीज बंद-चालू कर. तिने केलं. आम्ही दोघं पातेल्याखाली बघत उभे. मिनिटभराने खालून खट् आलं. निळी ज्योत बसली, बोटभर होती ती पेराएवढी झाली, टोकं पिवळी पडली. वीसेक सेकंदांनी फर्नेस विझली आणि ज्योत पुन्हा ताठ झाली.

सकाळचे ६:२० झाले होते. फर्नेस निर्दोष होती. तिला पुरेसा गॅस मिळत नव्हता.

टाकी दमते म्हणजे काय

पुरवठादाराच्या आपत्कालीन नंबरवर मी पहिल्या बिघाडालाच फोन केला होता. आता परत केला आणि ज्योत बसते ते सांगितलं. फोनवरच्या बाईंनी लगेच विचारलं, "काटा किती आहे?" २० सांगितल्यावर म्हणाल्या, पाणी तापवायचं बंद करा, थर्मोस्टॅट ५० वर आणा, माणूस निघतोय.

आठला शेजारचे आजोबा दोन विजेचे हीटर घेऊन आले. जन्मभर मका पिकवलेला माणूस. त्यांनी घरात यायच्या आधी टाकीला फेरी मारली आणि मला खिडकीतून बोलावलं. टाकीच्या बुडाकडच्या भागावर पांढऱ्या तुषाराचा, म्हणजे गोठलेल्या दवाचा, पट्टा होता आणि त्याची वरची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ. आत द्रव जिथपर्यंत, तिथपर्यंत तुषार. हातमोज्याचं बोट त्या रेघेवरून फिरवत ते म्हणाले, टाकी दमली आहे.

प्रोपेन टाकीत द्रव असतो आणि जळतो वायू. द्रवाचा वायू व्हायला उष्णता लागते, ती टाकीच्या पत्र्यातून बाहेरच्या हवेतून येते. बाहेर उणे ३० असली तरी येते, कारण प्रोपेन उणे ४४ फॅरेनहाइटला (उणे ४२ सेल्सिअस) उकळतो. पण फरक जेवढा कमी तेवढी उष्णता कमी. शिवाय ती आत शिरते मुख्यतः द्रवाने भिजलेल्या पत्र्यातून. टाकी रिकामी होत जाते तसा तो पत्राही कमी होतो.

या धंद्यातल्या लोकांचा एक ठोकताळा आहे. ५०० गॅलनची टाकी ३७ इंच व्यासाची आणि ११९ इंच लांब धरली, तर २० टक्के भरलेली असताना ० फॅरेनहाइटला ती तासाला सुमारे २ लाख ६४ हजार बीटीयूचा वायू देऊ शकते. घराला पुरून उरेल इतका. उणे १५ ला त्याचा चौथा हिस्सा, ६६ हजार. उणे २० ला विसावा, १३ हजारांच्या आसपास. ठोकताळा हात राखून केलेला आहे, प्रत्यक्षात टाकी याहून बरी चालते. पण माझ्या फर्नेसला लाख हवे होते आणि पाण्याला वर चाळीस हजार.

आपल्याकडच्या १४.२ किलोच्या सिलिंडरात ब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्य सेल्सिअसच्या जवळ येताच उकळायचा थांबतो, म्हणून थंड देशांत घरं तापवायला प्रोपेनच वापरतात. पण त्यालाही तळ आहे. दुसऱ्याच दिवशी, ३१ जानेवारीला, मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या कॉटन या गावी उणे ५६ फॅरेनहाइट नोंदलं गेलं. तेवढ्या थंडीत पूर्ण गारठलेल्या टाकीतला प्रोपेन आपण होऊन उकळणारच नाही.

आजोबांचं म्हणणं, मका वाळवायच्या यंत्रांना ही अडचण येत नाही, कारण ती टाकीतून द्रवच ओढतात आणि त्याला यंत्राच्याच आचेवर वायू करतात. मग ते २०१३ च्या ओल्या हंगामाकडे वळले. त्या शरदात मका वाळवण्यातच इतका प्रोपेन गेला की जानेवारी २०१४ च्या थंडीत अख्ख्या मिडवेस्टमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या आमच्याकडच्या मध्य-उत्तर भागात, तुटवडा पडून भाव गगनाला भिडले. मी मान डोलावत होतो, पण लक्ष थर्मोस्टॅटकडे होतं. ४९.

मोजमाप

१०:४० ला तंत्रज्ञ आला. त्याने फर्नेसच्या गॅस व्हॉल्व्हला मॅनोमीटर, म्हणजे गॅसचा दाब मोजायचं यंत्र, लावला. सगळं बंद असताना दाब ११.२ इंच. निर्दोष. माझा चेहरा पडला, कारण आता हा "सगळं ठीक आहे" म्हणून निघून जाणार असं वाटलं. त्याने नुसतं हसून फर्नेस चालू केली आणि मला पाण्याचा नळ सोडायला सांगितलं. आकडा ९ वर आला, मग ७, मग ५ च्या खाली. फर्नेस विझली. नळ बंद केला. आकडा हळूहळू ११ वर परतला.

टाकीवरच्या गेजवर दाब ३ पीएसआयच्या थोडा वर होता. पहिल्या रेग्युलेटरने १० द्यायचे, त्याच्याकडेच ३ येत होते. रेग्युलेटर दोन्ही चांगले, भोकं मोकळी, नळीत कुठे बर्फ नाही.

मग त्याच्यासोबत बसून रात्रीचा क्रम लावला. दोन्ही बिघाड वेगळे वाटत होते, पण पहिल्यातूनच दुसरा निघाला होता. बर्फाने नळी बुजली म्हणून फर्नेस काही तास बंद राहिली. त्या वेळात घर दहा अंश उतरलं, पण टाकीला मात्र विश्रांती मिळाली. आतल्या द्रवाने हवेतली थोडी उष्णता परत मिळवली, दाब चढला. म्हणूनच मी बर्फ काढल्यावर फर्नेस झोकात पेटली. पण आता तिला दहा अंश भरून काढायचे होते, म्हणजे न थांबता पूर्ण जोराने जळायचं. एरवी ती थोडा वेळ चालून थोडा वेळ थांबते आणि त्या थांबण्यातच टाकी सावरते. पाऊण तासात द्रव बाहेरच्या हवेहूनही थंड झाला आणि दाब कोसळला. त्यानंतर फर्नेस कुलूप लावून बसली की दाब वाढायचा, तिने प्रयत्न केला की पडायचा. मी दर वेळी तपासत होतो ते मधल्या विश्रांतीत, तेव्हा सगळं ठीकच दिसणार.

दुपारी दीडला ट्रक आला. २५० गॅलन, काटा २२ च्या खालून ७० वर. पत्रा भिजला, दाब वाढला. जोडणी उघडली होती म्हणून तंत्रज्ञाने गळतीची चाचणी केली. ती मी घाईत नको म्हणत होतो, त्याने ऐकलं नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर बेसमेंटच्या तळाशी साचतो आणि फर्नेस तिथेच आहे. २:२० ला फर्नेस पेटली. तो घोंघाव ऐकून आई खालपर्यंत बघायला आली.

सर्वांत खाली तापमान गेलं होतं ४७ वर, तंत्रज्ञ यायच्या जरा आधी. आम्ही सगळे एका खोलीत होतो. दोन हीटर, प्रत्येकी १५०० वॅट, वेगवेगळ्या सर्किटवर, कारण एकाच सर्किटवर दोन लावले की ब्रेकर पडतो. नळांची बारीक धार सोडून ठेवली होती, सिंकखालची कपाटं उघडी. तरी उत्तरेच्या भिंतीतली स्वयंपाकघराची एक नळी गोठली. हेअर ड्रायरने अर्ध्या तासात सुटली, फुटली नाही.

पाइपलाइनवाल्यांचंही त्या रात्री सुखाचं नव्हतं. मिनेसोटातल्याच प्रिन्स्टन भागात काही घरांचा नैसर्गिक वायू बंद पडला आणि आसपासच्या गावांना थर्मोस्टॅट उतरवा म्हणून सांगण्यात आलं.

नंतर

एप्रिलमध्ये धुराची नळी दोन फूट वर नेऊन तोंड दुसरीकडे वळवून घेतलं. फोन केल्यावर ट्रक पाठवायच्या करारातून बाहेर पडून पुरवठादार स्वतःच हिशोब ठेवून भरतो त्या करारात गेलो. डिसेंबर ते फेब्रुवारी काटा ४० च्या खाली जाऊ द्यायचा नाही, हे त्यांच्या कागदावर लिहून घेतलं. हजार गॅलनची टाकी घ्यावी असं आजोबांचं मत होतं. खर्च ऐकून मी ते मतच ठेवलं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा आठवडाभर कडक थंडी पडली. काटा ५८ वर होता. एका पहाटे मी मुद्दाम थर्मोस्टॅट पाच अंश चढवला, न्हाणीघराचा गरम नळ सोडला आणि गॅसवर पातेलं ठेवून अर्धा तास समोर उभा राहिलो. खालून खट् आलं. ज्योत जागची हलली नाही. दूध मात्र उतू गेलं.